हजार वर्षं म्हणजे पाच सेंटीमीटर

दक्षिण सोलापूर तालुक्यात सीना नदी भीमेला मिळते, त्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला मराठी शिलालेख शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी त्याचं वाचन केलं आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या, काळ नोंदवलेल्या लेखांत त्याची गणना होऊ लागली. लेख कोरला गेला तेव्हापासून आजवर भीमेच्या पात्रातून हजाराहून अधिक पावसाळे वाहून गेले. त्याच हजार वर्षांत खोल समुद्राच्या तळावर गाळाचा किती जाड थर बसला असेल?

जागेनुसार उत्तर बदलतं. किनाऱ्याजवळ, नदीच्या मुखाशी गाळ भराभर साचतो. महासागराच्या मध्यावर काही ठिकाणी हजार वर्षांत जेमतेम एक मिलिमीटर बसतो. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्या खोल भागात पुष्कळ ठिकाणी हा वेग हजार वर्षांना काही सेंटीमीटर इतका असतो. हिशेबासाठी पाच सेंटीमीटर धरू. मग कुडलच्या त्या कोरीव अक्षरांपासून आजपर्यंतचा सगळा काळ पाच सेंटीमीटरांत मावतो.

हीच पट्टी पुढे चालवून पाहू. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार रयतेला खुलं केलं, ते पंधराव्या शतकात. तो काळ तळाखाली सुमारे पावणेतीन सेंटीमीटरांवर. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित मोजणी १८४१ साली सुरू झाली आणि पुढे अलिबागच्या वेधशाळेने ती चालू ठेवली. जगातल्या सर्वांत दीर्घ चुंबकीय नोंदींपैकी ही एक आहे. तिची जाडी नऊ मिलिमीटर. भारतीय हवामान खातं १८७५चं, म्हणजे साडेसात मिलिमीटर. आणि सोलापूरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आजही असलेला १९७२चा दुष्काळ? अडीच-पावणेतीन मिलिमीटर.

पावसाचं शास्त्रशुद्ध मोजमाप आपल्याकडे साधारण दीडशे वर्षांचं आहे. पाऊस कोणत्या लयीने वाढतो आणि कोणत्या लयीने हटतो, हे कळायला दीडशे वर्षं फारच तोकडी पडतात. त्यासाठी साडेसात मिलिमीटरांच्या खाली उतरावं लागतं. तिथे ना पर्जन्यमापक, ना शिलालेख. आहे तो चिखल, आणि चिखलात विखुरलेले लोहखनिजाचे कण. त्या कणांचं चुंबकत्व वाचायची विद्या गेल्या काही दशकांत माणसाने कमावली आहे.

काळ्या कातळाची सही

या कणांतले कितीतरी आपल्याच जमिनीतले आहेत. सोलापूरची काळी माती काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची झीज होऊन बनली. हा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आज तो जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याने व्यापलेला आहे. या खडकात लोखंड भरपूर, आणि त्यातलं काही टायटॅनोमॅग्नेटाइट नावाच्या खनिजाच्या रूपात असतं. सीनेच्या किंवा भीमेच्या कोरड्या वाळूतून साधा लोहचुंबक फिरवला, तर त्याला काळे, बारीक, चकचकीत कण केसांसारखे उभे राहून चिकटतात. झटकले तरी सहज सुटत नाहीत. बोटाने निपटून काढावे लागतात. समुद्रतळाचा इतिहास सांगणारं खनिज ते हेच.

लाव्हा थंड होत असताना हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत कायमचे चुंबकित झाले. विषुववृत्तावर ही दिशा जमिनीला समांतर असते आणि ध्रुवांकडे जावं तशी ती अधिकाधिक कलते. म्हणून कातळातला कल मोजला की तो कातळ कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळतं. दख्खनच्या कातळातला कल सांगतो, की आज १७.७ अंश उत्तरेला असलेलं सोलापूर तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ३० अंशांवर होतं. फरक जवळपास ४८ अंशांचा. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर सुमारे ५,३०० किलोमीटरचा प्रवास झाला, दर वर्षी सरासरी आठ सेंटीमीटर.

आता हा कातळ झिजून नदीत उतरतो तेव्हा काय होतं ते पाहू. सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर आहे. साऱ्या जिल्ह्यावरून मातीचा फक्त एक मिलिमीटरचा पापुद्रा निघाला असं गृहीत धरलं, तरी ती माती होते जवळपास दीड कोटी घनमीटर, वजनाने दोन कोटी टनांच्या वर. त्यात शेकडा एक भाग चुंबकीय खनिज धरलं, तर दोन लाख टनांहून अधिक. ही माती सीना आणि भीमा, मग रायचूरजवळ कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर या वाटेने जाते. सगळी काही पोहोचत नाही. बरीच वाटेत काठांवर, डोहांत, धरणांत थांबते. पण जी पोहोचते तिच्यावर दख्खनची सही असते.

ही सही वाचण्याचं माप म्हणजे मॅग्नेटिक ससेप्टिबिलिटी. एखादा पदार्थ बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला किती दाद देतो, हे ते माप सांगतं. वाळूतलं क्वार्ट्झ किंवा चुनखडीतलं कॅल्साइट दाद तर देतच नाही, उलट चुंबकाला किंचित दूर लोटतं. बेसाल्टच्या मातीची दाद मात्र मोठी असते. त्यामुळे हिमालयातून आलेला गाळ आणि दख्खनमधून आलेला गाळ डोळ्यांना सारखाच राखाडी दिसला, तरी यंत्राला तो वेगळा दिसतो. सतीश सांगोडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘करंट सायन्स’मध्ये या मापावरून बंगालच्या उपसागरातल्या गाळात गोदावरीचा, म्हणजे पर्यायाने दख्खनचा, वाटा कसा ओळखता येतो ते दाखवलं.

या कामाचं मोल कळण्यासाठी ज्या ढिगात ही सही शोधायची त्याचा आकार पाहावा लागेल. बंगालच्या उपसागराच्या तळावर पसरलेला गाळाचा पंखा हा जगातला सर्वांत मोठा. लांबी सुमारे ३,००० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १,४०० किलोमीटरच्या आसपास, जाडी काही ठिकाणी १६ किलोमीटरहून जास्त, आणि एकूण घनफळाचा अंदाज सव्वा कोटी घन किलोमीटर. तो गाळ महाराष्ट्रावर सारखा पसरला, तर मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत ४० किलोमीटर उंचीचा थर होईल. साडेचार एव्हरेस्ट एकावर एक. गंगा-ब्रह्मपुत्रा आजही दर वर्षी सुमारे १०० कोटी टन गाळ उपसागराकडे वाहून आणतात. एवढ्या हिमालयी गाळाच्या शेजारी दख्खनचे काळे कण आपली ओळख टिकवून असतात, आणि समुद्रतळाच्या नकाशावर कोणत्या नदीचा गाळ कुठवर गेला ते सांगतात.

वारा, धूळ आणि पृथ्वीचा कल

गाळ नदीने येतो तसा वाऱ्यानेही येतो. अरबी समुद्राच्या पश्चिम भागात उन्हाळ्यातले वारे अरबस्तान आणि सोमालियाकडची धूळ आणून टाकतात. या धुळीत लोहखनिजं असतात, तर समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांत ती नसतात. म्हणून तळाच्या थरात धूळ जास्त तिथे चुंबकीय दाद जास्त, आणि कवचं जास्त तिथे कमी.

‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजाने १९८७ साली अरबी समुद्रातल्या ओवेन कड्यावर छिद्रं पाडून गाळाच्या लांबच लांब नळकांड्या, म्हणजे कोअर, वर काढल्या. या मोजणीचं सुख असं, की कोअर कापावी किंवा विरघळवावी लागत नाही. तारेच्या कड्यातून ती पुढे सरकवत न्यायची आणि दर काही सेंटीमीटरांवर आकडा टिपायचा. दोन सेंटीमीटरांना एक आकडा घेतला तर शंभर मीटर लांबीत ५,००० आकडे मिळतात. यॅन ब्लूमेंडाल आणि पीटर डीमेनोकाल यांनी हे आकडे काळाच्या रेषेवर मांडले आणि १९८९ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारे २४ लाख वर्षांपूर्वीपर्यंत धुळीचा चढउतार २३,००० आणि १९,००० वर्षांच्या तालावर चाले. त्यानंतर ४१,००० वर्षांचा ताल ठळक झाला.

हे आकडे आकाशातून आलेले आहेत. पृथ्वीचा अक्ष परांचन गतीने गोल फिरतो, त्याचे ताल २३ आणि १९ हजार वर्षांचे. अक्षाचा कल २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान कमी-जास्त होतो, त्याची फेरी ४१ हजार वर्षांची. २४ लाख वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धात मोठे हिमस्तर वाढू लागले आणि अरबी समुद्रावरच्या वाऱ्यांची लय त्यांच्याशी जुळली. ज्या मान्सूनकडे सोलापूरचा शेतकरी दर जूनमध्ये डोळे लावून बसतो, त्याच्या मुळाशी असलेली ही घड्याळं आहेत. आपल्या पट्टीवर २४ लाख वर्षं म्हणजे १२० मीटर. एका उंच इमारतीएवढ्या चिखलात ही सगळी लय दडलेली होती, आणि ती चुंबकीय दाद मोजून सापडली.

थरांना वय कसं देतात, हाही प्रश्न चुंबकत्वच सोडवतं. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात. बर्नार ब्रून या फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञाला १९०६ साली उलट्या दिशेत चुंबकित झालेला खडक सापडला. जपानच्या मोतोनोरी मात्सुयामा यांनी १९२९ साली अशा उलट्या काळाची निश्चित मांडणी केली. शेवटची पूर्ण अदलाबदल सुमारे ७ लाख ७३ हजार वर्षांपूर्वीची. आपल्या पट्टीवर ती ३८-३९ मीटर खोल असेल. कोअरमध्ये जिथे कणांची दिशा उलटते, तिथे हे वय लिहून टाकता येतं. दख्खनचा बराचसा लाव्हाही अशाच एका उलट्या काळात वाहिला, म्हणून आपल्या घाटांतल्या कातळाची चुंबकीय दिशा आजच्या होकायंत्राच्या उलट आहे.

हा सगळा खेळ किती क्षीण बळावर चालतो, तेही ध्यानात घ्यावं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागापासून २,९०० किलोमीटर खाली, वितळलेल्या लोखंडाच्या बाह्य गाभ्यात जन्मतं. सोलापुरात त्याची ताकद सुमारे ४० मायक्रोटेस्ला. फ्रिजवर चिकटवायचा लहान चुंबक याच्या शंभरपट बलवान असतो, दवाखान्यातलं दीड टेस्लाचं एमआरआय यंत्र ३७ हजार पटींहून जास्त. एवढ्याशा बळाने चिखलात बसता बसता कण वळतो आणि मग लाखो वर्षं त्याच दिशेत राहतो. त्याची दिशा मोजण्यासाठी प्रयोगशाळेत द्रव हेलियमच्या तापमानाला, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंशांवर, थंड केलेला संवेदक लागतो. शिवाय आजच्या पृथ्वीचं क्षेत्रच आड येऊ नये म्हणून नमुना त्यापासून झाकावा लागतो.

तळाशी जन्मलेले चुंबक

समुद्रात पडणारा दोन मायक्रॉनचा एकटा मातीचा कण साडेतीन हजार मीटर खोल तळाला पोहोचायला हिशेबाने चाळीस-पन्नास वर्षं घेईल. प्रत्यक्षात कण एकमेकांना चिकटून, सूक्ष्म जीवांच्या विष्ठेत बांधले जाऊन त्याहून फार लवकर उतरतात. पण ५० नॅनोमीटरचा मॅग्नेटाइटचा कण एकट्याने निघाला, तर त्याच हिशेबाने त्याला पंचवीस हजार वर्षांहून जास्त लागतील. तरीही तळावर असे कण अगणित आहेत, कारण त्यातले पुष्कळ वरून आलेलेच नाहीत. ते तिथेच जन्मले.

त्यांचे कर्ते आहेत जिवाणू. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ साली ‘सायन्स’मध्ये त्यांची ओळख जगाला करून दिली. हे जिवाणू आपल्या शरीरात मॅग्नेटाइटचे स्फटिक घडवतात, ते ओळीने मांडतात आणि त्या माळेच्या साहाय्याने होकायंत्रासारखी दिशा धरून आपल्याला मानवेल तेवढाच प्राणवायू असलेल्या थराकडे पोहतात. एक मिलिमीटर लांबीत असे ५० नॅनोमीटरचे २०,००० स्फटिक ओळीने बसतील. एक ग्रॅम मॅग्नेटाइटपासून असे किती स्फटिक होतील? सुमारे १,५०० लाख कोटी. जगातल्या ८०० कोटी माणसांना वाटले, तर दर माणशी एक लाख ९० हजारांच्या आसपास. वाटणी होते एका ग्रॅमची!

जिवाणू मेला तरी स्फटिक चिखलात उरतात. त्यांना मॅग्नेटोफॉसिल म्हणतात. कमी प्राणवायू असलेल्या पाण्यात हे जिवाणू फोफावतात, म्हणून त्यांचे अवशेष त्या काळच्या समुद्राचा श्वास सांगतात. गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी बंगालच्या उपसागराच्या नैर्ऋत्य भागातल्या गाळातून सुमारे ५० हजार वर्षं जुने महाकाय मॅग्नेटोफॉसिल शोधून २०२४ साली जाहीर केले. महाकाय म्हणजे नेहमीच्या स्फटिकांहून कितीतरी मोठे. तरी डोळ्यांना न दिसणारेच. असे अवशेष याआधी प्रामुख्याने ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या, पृथ्वी एकाएकी तापली त्या काळच्या गाळातून माहीत होते. त्यांना घडवणारा जीव कोणता, हे कोडं अजून सुटलेलं नाही. नद्यांनी आणलेलं लोह, सेंद्रिय द्रव्य आणि पाण्यातला मर्यादित प्राणवायू यांचा मेळ बसल्यामुळे त्या जीवाला हे पाणी मानवलं, असं संशोधकांचं म्हणणं आहे. दख्खनवर पडणाऱ्या पावसाचं आणि समुद्रातल्या एका अज्ञात जीवाचं नातं असं लोखंडाच्या धाग्याने बांधलेलं निघालं.

पुसल्या गेलेल्या नोंदीही बोलतात. तळाच्या चिखलात प्राणवायू संपला की दुसरे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगू लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो मॅग्नेटाइट खातो. त्याच्या जागी पायराइट बनतो, ज्याला चुंबकाशी देणंघेणं नाही. किंवा मध्येच ग्रेगाइट बनतो, जो चुंबकीय असतो. २००६ साली भारताच्या पहिल्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात अशाच कोअर काढल्या गेल्या. तिथल्या गाळात जिथे चुंबकीय दाद एकदम कोसळते, तिथे कधीकाळी खालून मिथेन वर आल्याची शक्यता तपासली जाते. मातीतलं लोखंड किती आलं आणि किती नाहीसं झालं, या दोन्ही गोष्टींतून समुद्राची जुनी अवस्था कळते. मात्र दोन्ही वेगळ्या ओळखायला खनिजांची बारकाईने तपासणी करावीच लागते. नुसत्या एका आकड्यावर विसंबून चालत नाही.

कधी कधी गाळाच्या या वहीची पानंच उपटून दुसरीकडे पडतात. मार्च ते मे २०१५मध्ये ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात होतं. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक होते गोव्यातल्याच दुसऱ्या एका राष्ट्रीय संस्थेतले धनंजय पांडे. सुमारे ३,६४० मीटर पाण्याखाली, तळाच्या आत १,१०९ मीटरपर्यंत छिद्र गेलं. वाटेत शेकडो मीटर जाडीचा एक विस्कटलेला ढीग लागला. भारताच्या पश्चिम उतारावरून सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी कोसळलेल्या दरडीचा तो भाग होता. तिला ‘नटराज’ असं नाव आहे आणि तिचं घनफळ जवळपास १९,००० घन किलोमीटर आहे. सोलापूरकराच्या मापाने सांगायचं तर ११७ टीएमसीचं उजनी धरण काठोकाठ भरलं की त्यात सुमारे ३.३ घन किलोमीटर पाणी असतं. नटराज दरडीत अशी ५,७०० उजनी मावतील. त्या दरडीच्या वर आणि खाली जे शांत थर आहेत, त्यांची वयं ठरवतानाही सूक्ष्म जीवाश्मांच्या जोडीला ध्रुवांच्या अदलाबदलीचा क्रम कामी आला.

पुढची पानं

उजनी पूर्ण झालं १९८०मध्ये, त्याआधी १९६७ साली नागार्जुनसागर. भीमा-कृष्णेचा बराच गाळ आता धरणांच्या तळाशी अडतो. समुद्राच्या पट्टीवर धरणांचा हा सारा काळ जेमतेम तीन मिलिमीटरांचा आहे. उद्या कुणी त्या थराची मोजणी केली, तर दख्खनच्या लोखंडाची आवक कशी बदलली ते त्याला दिसेल. धरणांतला गाळ मात्र आपल्या हाताशी आहे आणि तो खूप वेगाने साचतो. हजार वर्षांच्या पट्टीला न दिसणारा एखाद-दुसरा दुष्काळही त्यात दिसू शकतो. तलावांचा गाळ शेतात टाकण्याआधी त्याची एखादी सरळ कोअर काढून ठेवणं फार खर्चाचं काम नाही.

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. पावसाचा इतिहास समजून घेण्याची सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे, त्यांच्यात आपण पहिल्या रांगेत बसतो. अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात भूशास्त्र शिकवलं जातं. नवी मुंबईत पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, गोव्यात समुद्रविज्ञान संस्था आहे आणि पुण्यातही भूशास्त्राची मोठी परंपरा आहे. सोलापूरच्या मुलामुलींनी भौतिकशास्त्र किंवा भूशास्त्र घेताना या वाटेचा जरूर विचार करावा. शिक्षकांनी एकदा वर्ग सीनेच्या वाळूत न्यावा, मुलांच्या हातात लोहचुंबक द्यावा आणि त्याला चिकटलेल्या काळ्या कणांची ही गोष्ट सांगावी.